विश्लेषण : सातपुड्यात मोबाइलची रेंज जाते, मग वॉकीटॉकी कोणता घ्यावा?

धरणगावहून सकाळी चार गाड्या निघतात. तापी ओलांडून चोपडा, चोपड्याच्या पुढे केळीच्या बागा, आणि मग सातपुड्याचा पायथा. डांबरी रस्ता सुटला की मोबाइलच्या पडद्यावरच्या रेघा एकेक करून कमी होऊ लागतात. पुढची गाडी वळणाआड गेलेली असते, मागच्या गाडीचे चाक नाल्यातल्या गोट्यांत अडकलेले असते आणि दोघांनाही एकमेकांची खबर नसते. पुढचे अर्धा तास वाट पाहतात, मग गाडी वळवायला जागा शोधत मागे येतात.

थार, जिम्नी किंवा जुनी बोलेरो घेऊन डोंगरात जाणाऱ्या मंडळींना हा अनुभव नवा नाही. त्यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला सल्ला मिळतो : ऑनलाइन वॉकीटॉकी मागवा, दहा किलोमीटरची रेंज आहे, काम फत्ते. या एका ओळीत दोन चुका आहेत. एक कायद्याची आणि दुसरी भौतिकशास्त्राची. पहिली चूक महागात पडू शकते आणि दुसरी नेमक्या अडचणीच्या वेळी उघडी पडते.

वॉकीटॉकीची ऑनलाइन विक्री चर्चेत का आली?

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने (सीसीपीए) ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो, ओएलएक्स, जिओमार्ट, फेसबुक यांच्यासह १३ ई-कॉमर्स मंचांना नोटिसा पाठवल्या. या मंचांवर वॉकीटॉकीची विक्री सर्रास सुरू होती. पण संच कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, त्यासाठी परवाना लागतो का, त्याला सरकारी तांत्रिक मान्यता आहे का, यातले काहीच ग्राहकाला सांगितले जात नव्हते. विक्रीच्या अशा १६ हजार ९७० नोंदी तपासात आढळल्याचे सांगण्यात आले. त्याच महिन्याच्या अखेरीस दूरसंचार विभाग आणि गृह मंत्रालयाशी सल्लामसलत करून रेडिओ उपकरणांच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. पुढे जानेवारी २०२६ मध्ये आठ कंपन्यांना मिळून ४४ लाख रुपयांचा दंड ठोठावण्यात आला. त्यात ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो आणि फेसबुकची मालक कंपनी मेटा यांना प्रत्येकी १० लाखांचा दंड होता.

दंड विकणाऱ्यांना झाला. पण दरम्यान जे हजारो संच घराघरांत पोहोचले, त्यांचे काय, हा प्रश्न बातम्यांत फारसा आला नाही. बिनपरवान्याचा संच विकणे जसे नियमबाह्य आहे, तसाच तो जवळ बाळगणेही. भारतात बिनतारी यंत्र ताब्यात ठेवण्यासाठी परवाना लागतो, हे १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यापासूनचे तत्त्व आहे. संच वापरला नाही, नुसता गाडीच्या डिकीत पडून होता, हा बचाव होऊ शकत नाही. सरकारने ज्यांना स्पष्ट सूट दिली आहे, तेवढेच संच या अटीतून बाहेर आहेत.

ही कडक भूमिका विनाकारण नाही. पोलीस, वन विभाग, अग्निशमन दल, रेल्वे हे सगळे बिनतारी संदेशांवर चालतात. एखाद्याच्या गाडीतला संच चुकून त्यांच्या फ्रिक्वेन्सीवर लागला, तर बोलण्याचे बटण दाबून ठेवल्याच्या काळात तिथला खरा संदेश दबू शकतो. सातपुड्यात वणवा लागलेला असताना किंवा तापीला पूर आलेला असताना असे झाले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

बिनपरवान्याचा कोणता संच चालतो?

उत्तर एका आकड्यात आहे : ४४६. म्हणजे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा छोटासा पट्टा. कमी शक्तीच्या, कमी अंतराच्या रेडिओ साधनांना परवान्यातून सूट देणारे नियम २०१८ मध्ये आले आणि त्यात हा पट्टा मोकळा झाला. युरोपात ‘पीएमआर ४४६’ या नावाने तो आधीपासून खुला आहे. तिथे अर्ध्या वॅटची मर्यादा आहे आणि एकूण १६ चॅनेल आहेत. पहिला ४४६.००६२५ वर, शेवटचा ४४६.१९३७५ वर. खोक्यावर असे आकडे दिसले तर संच योग्य पट्ट्यातला आहे, असे समजायला हरकत नाही.

मात्र पट्टा बरोबर असणे पुरेसे नाही. त्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगची, म्हणजे डब्ल्यूपीसीची, ‘इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल’ ही मान्यता हवी. बाजारात तिला ‘ईटीए’ म्हणतात. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडे ईटीए प्रमाणपत्राची प्रत मागावी आणि त्यावरचा मॉडेल क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. ‘शंभर टक्के लीगल’ असे जाहिरातीत लिहिलेले असणे म्हणजे मान्यता नव्हे. प्रमाणपत्र मागितल्यावर विक्रेता विषय बदलत असेल, तर दुसरे दुकान पाहिलेले बरे.

परवान्यातून सूट मिळालेला दुसरा पट्टा तुलनेने जुना आहे. २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा ‘सिटिझन बँड’, म्हणजे सीबी, खुला केला. शक्तीची मर्यादा पाच वॅट, आणि अँटेना संचातच असावा किंवा बाहेर लावल्यास पाच मीटरपेक्षा कमी उंचीवर असावा, अशी अट. अमेरिकेत १९७० च्या दशकात ट्रकचालकांनी जे सीबी रेडिओ गाजवले, तेच हे. त्याचा विचार पुढे करू, कारण तो गाडीत बसवण्याच्या दृष्टीने वेगळा आहे.

या दोन्ही सवलतींना एक अट चिकटलेली आहे. हा वापर सामायिक आहे आणि त्याला संरक्षण नाही. म्हणजे शेजारच्या ग्रुपने तोच चॅनेल लावला तर तक्रार करता येत नाही, चॅनेल बदलावा लागतो. ‘प्रायव्हसी कोड’ नावाची जी सोय संचात असते, तिच्यामुळे इतरांचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही एवढेच. आपले बोलणे मात्र त्या चॅनेलवरच्या कोणालाही ऐकता येते.

मग ऑनलाइन सगळीकडे दिसणारे ते स्वस्त चिनी संच?

बाओफेंग यूव्ही-५आर हे त्यातले सर्वात ओळखीचे नाव. हा संच १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ आणि ४०० मेगाहर्ट्झच्या वरचा मोठा पट्टा, अशा दोन्हींत संदेश पाठवू शकतो, तोही चार-पाच वॅटच्या ताकदीने. कीपॅडवर आकडे दाबायचे की कोणतीही फ्रिक्वेन्सी लागते. पोलिसांची, वन विभागाची, हौशी रेडिओचालकांचीही. नेमक्या याच कारणामुळे तो परवानामुक्त गटात बसत नाही. ‘आम्ही तो ४४६ वरच लावून ठेवतो’ हे स्पष्टीकरण अनेकदा ऐकू येते. परंतु सूट संचाला आहे, आपण आज कोणता आकडा लावला त्याला नाही.

खान्देशातल्या बऱ्याच घरांत आणखी एक प्रकार आढळू शकतो. अमेरिकेतून सुट्टीला आलेला भाचा किंवा जावई वॉकीटॉकीची जोडी भेट म्हणून आणतो. तिकडे सुपरमार्केटमध्ये मिळणारे हे संच ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात. तिथे ते कायदेशीर आहेत, इथे तो पट्टा खुला नाही. इंग्लंड-जर्मनीहून आणलेला संच ४४६ च्या पट्ट्यात बसतो, पण भारतातल्या मान्यतेचा प्रश्न उरतोच. उपग्रहावर चालणाऱ्या संदेशयंत्रांबाबत तर जास्तच सावध राहावे. परवानगीशिवाय अशी यंत्रे जवळ ठेवल्याबद्दल गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांवर कारवाई झाल्याच्या बातम्या आल्या आहेत. त्यांच्या देशात ते यंत्र गिर्यारोहणाच्या दुकानात मिळते, ही सबब चालली नाही.

आणखी एक फसगत कायद्याची नसून समजुतीची आहे. ‘अनलिमिटेड रेंज’, ‘पाच हजार किलोमीटर’ अशा जाहिराती असलेले काही वॉकीटॉकी सिमकार्डवर चालतात. दिसायला रेडिओ, पण आत मोबाइलच. धरणगावहून पुण्याच्या नातेवाइकाशी त्यावर छान बोलता येईल. तोरणमाळच्या दरीत, जिथे मोबाइलचे नेटवर्कच नाही, तिथे ते शोभेची वस्तू ठरते. ज्या कारणासाठी वॉकीटॉकी घ्यायचा, नेमके तेच त्याने साधत नाही. खोक्यावर ‘फोर-जी’, ‘पीओसी’ किंवा सिमच्या खाचेचे चित्र दिसले तर तो संच या कामाचा नाही.

अर्धा वॅट म्हणजे खेळण्यातला संच नव्हे का?

इथे दुसरी चूक येते, भौतिकशास्त्राची. पाच वॅटचा संच अर्ध्या वॅटच्या संचापेक्षा दहापट ताकदीचा आहे. मग तो दहापट लांब पोहोचेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तसे होत नाही. मोकळ्या आकाशात लहर जसजशी पसरते तशी तिची ताकद अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे दुप्पट अंतरासाठी चौपट शक्ती लागते. जमिनीलगत परिस्थिती आणखी वाईट असते. जमिनीवरून परावर्तित झालेली लहर मूळ लहरीला मारक ठरते आणि दूरच्या अंतरांवर दुप्पट पल्ल्यासाठी साधारण सोळापट शक्ती लागते. या हिशेबाने दहापट शक्ती वाढवून अंतर वाढते जेमतेम पावणेदोन ते एक पूर्णांक आठ पट. म्हणजे अर्धा वॅट एक किलोमीटर पोहोचत असेल, तर पाच वॅट पावणेदोन किलोमीटरच्या आसपास. आणि मध्ये डोंगराची आख्खी सोंड आली, तर दोघेही गप्प.

खोक्यावर दहा किलोमीटर लिहिलेले असते ते कुठून येते? ते अगदीच खोटे नसते, पण ते सपाट आणि मोकळ्या जागेचे गणित असते. पृथ्वी गोल असल्याने माणसाच्या हातातल्या, म्हणजे दीड मीटर उंचीवरच्या, दोन संचांमधले रेडिओ क्षितिज सुमारे दहा किलोमीटर भरते. मध्ये झाड, घर, टेकडी, बांध काहीच नसेल तर. असे मैदान खान्देशात कुठे सापडणार? कपाशीचे शेत एकवेळ चालेल, पण केळीची बाग मोठा अडथळा आहे. पाण्याने भरलेली रुंद पाने या पट्ट्यातल्या लहरी चांगल्याच शोषून घेतात. पावसाळ्यात सागाचे ओले जंगलही तेच करते.

उंचीचा परिणाम मात्र आश्चर्य वाटावे इतका मोठा आहे. त्याच सूत्राने पायथ्यापासून तीनशे मीटर उंच टेकडीवर उभ्या असलेल्या माणसाचे रेडिओ क्षितिज सत्तर किलोमीटरच्या पुढे जाते. म्हणून दोन गाड्यांतला संपर्क तुटला की जास्त वॅटचा संच शोधण्यापेक्षा चार पावले चढून धारेवर जाणे अधिक कामाचे. तोरणमाळच्या सात पायरी घाटात हे सहज समजते. वळणाच्या आतल्या बाजूला असलेल्या गाडीला खालच्या गाडीचा आवाज येत नाही, पण कठड्याजवळ आली की दोन वळणे खालची गाडीही स्पष्ट ऐकू येते. एकमेकांना दिसू शकतो का, हा साधा प्रश्न विचारला तरी बऱ्याचदा उत्तर मिळते. दिसू शकत असू, तर अर्धा वॅट पुरतो.

दक्षिणेला, चाळीसगावकडून पाटणादेवी किंवा कन्नड घाटाकडे गेले तरी नियम हेच. (कन्नड घाटाचे जुने नाव औट्रम घाट. ज्या जेम्स औट्रमच्या नावाने तो ओळखला जातो, त्यानेच १८२५ च्या सुमारास खान्देशात भिल्ल पलटण उभारली आणि तिचे ठाणे धरणगावला होते. डोंगरातल्या लोकांपर्यंत निरोप पोहोचवणे हे धरणगावचे जुनेच दुखणे आहे.)

आता व्यवहारात पाहू. चार गाड्यांचा ताफा कच्च्या रस्त्यावर साधारण शंभर-दोनशे मीटरचे अंतर ठेवून चालतो. पहिल्या आणि शेवटच्या गाडीत तीनशे ते सहाशे मीटर. एवढ्या कामाला कायदेशीर, अर्ध्या वॅटचा संच पुरेसा आहे. पहिल्या गाडीचे शेवटच्या गाडीला ऐकू येत नसेल, तर मधल्या गाडीने निरोप पुढे द्यायचा. ताफ्याला याहून जास्त पल्ला लागत असेल, तर बहुतेक वेळा दोष संचाचा नसतो. गाड्या फार लांब पांगलेल्या असतात.

सीबी रेडिओचे काय?

सीबीची लहर जवळपास ११ मीटर लांबीची असते, तर ४४६ ची केवळ ६७ सेंटीमीटर. लांब लहर टेकडीच्या कडेवरून थोडी जास्त वाकते, झाडांना कमी जुमानते आणि इथे पाच वॅटची मुभाही आहे. कागदावर डोंगरासाठी हाच पट्टा सरस वाटतो. अडचण अँटेनाची आहे. नीट काम करायला अँटेना लहरीच्या पाव लांबीचा लागतो. ४४६ साठी ती लांबी १७ सेंटीमीटर, हातातल्या संचावर सहज मावणारी. सीबीसाठी पावणेतीन मीटर. हातात धरायच्या सीबी संचावर बोटभर अँटेना लावला की त्याची पाच वॅटची ताकद बरीचशी वाया जाते. गाडीच्या टपावर लांब अँटेना बसवून, आतल्या बाजूला पक्का संच लावला तर सीबी उत्तम. पण मग तो हातातला वॉकीटॉकी राहत नाही. गाडीतून उतरून नाल्याची खोली पाहायला गेलेल्या माणसाच्या हातात काही उरत नाही. शिवाय मान्यताप्राप्त सीबी संच इथल्या दुकानांत शोधावा लागतो. नेहमी त्याच गाड्या, तोच ग्रुप, महिन्यातून दोनदा डोंगर, असे असेल तरच हा खटाटोप करावा.

हॅमचा परवाना काढला तर?

ग्रुपमधला एखादा हुशार हा मार्ग सुचवतोच. हौशी रेडिओचालकाचा, म्हणजे हॅमचा, परवाना दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन मिळतो. वयाची अट १२ वर्षे. ‘रिस्ट्रिक्टेड’ आणि ‘जनरल’ असे दोन दर्जे आहेत, वरच्या दर्जाला मोर्स कोड यावा लागतो. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झसारखे पट्टे त्यांना खुले असतात. २००४ च्या त्सुनामीत अंदमानातून पहिले निरोप बाहेर काढण्यात हॅम मंडळींचा मोठा वाटा होता.

पण हॅमने फक्त दुसऱ्या हॅमशी बोलायचे असते. चारपैकी एकाकडे परवाना आहे म्हणून बाकीच्या तीन गाड्यांच्या हातात तसेच संच देता येत नाहीत. चौघांनीही परीक्षा दिली तर गोष्ट वेगळी, आणि खरे तर ती वाईट कल्पना नाही. दहावी-बारावीचे विज्ञान आठवत असेल तर अभ्यास अवघड नाही. सहल पुढच्या आठवड्यात असेल तर मात्र हा मार्ग कामाचा नाही.

ज्यांना पडद्यावर मजकूर चालतो, त्यांच्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात ‘लोरा’ तंत्राने छोटे संदेश आणि ठिकाण पाठवणारी यंत्रे आली आहेत. एका यंत्राचा निरोप दुसरे आपोआप पुढे ढकलते. तंत्रात रस असलेल्यांनी जरूर हात घालावा, पण खड्ड्यात चाक जात असताना ‘थांब, थांब’ म्हणायला टाइप करत बसता येत नाही.

दुकानात संच हातात घेतल्यावर काय पाहावे?

फ्रिक्वेन्सी आणि ईटीए पाहून झाले की मग बाकीचे. आधी धूळ. मार्च ते मे या काळात खान्देशातल्या गाडरस्त्यावर पुढच्या गाडीने उडवलेली धूळ काचेच्या फटीतूनही आत येते. संचावर आयपी ५४ लिहिलेले असेल तर त्यात धूळ काही प्रमाणात शिरू शकते आणि तो पाण्याचे शिंतोडे सहन करतो. आयपी ६७ असेल तर धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास पडला तरी टिकतो. नाले ओलांडणाऱ्यांनी दुसरा घ्यावा. त्यासाठी थोडे पैसे जास्त मोजायला हरकत नाही.

बॅटरीबाबत कंपन्या जे तास सांगतात, ते बहुधा पाच टक्के वेळ बोलणे, पाच टक्के ऐकणे आणि नव्वद टक्के नुसते चालू राहणे, या हिशेबाने असतात. आपल्याकडची मंडळी एवढ्यावर थांबत नाहीत. गाणी, टोमणे, ‘काय रे भो, कुठे राहिला’ हे सगळे त्याच चॅनेलवर चालते. तेव्हा लिहिलेल्या तासांतून निदान तिसरा हिस्सा वजा धरावा. चार्जिंग टाइप-सी असेल तर गाडीतल्या मोबाइलच्या चार्जरवरच काम होते. वेगळी चार्जिंगची बैठक लागणारा संच डोंगरात गैरसोयीचा. सुट्या पेन्सिल सेलवरही चालणारा मिळाला तर तो दोन दिवसांच्या मुक्कामाला चांगला.

एक गोष्ट उन्हाळ्यात हमखास विसरली जाते. जळगाव-धुळ्यात पारा ४५ च्या घरात असताना बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला संच त्याहून कितीतरी जास्त तापतो. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करणे तिला मारक असते. संच सीटखाली सावलीत ठेवावा आणि चार्जिंग गाडी चालू असताना, एसीच्या गारव्यात करावे.

बाकी टॉर्च, एफएम, सायरन, रंगीत पडदा यांवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. त्याऐवजी कॉलरला अडकवायचा बाहेरचा माइक-स्पीकर लागतो का ते पाहावे. इंजिनाच्या आणि दगडांच्या आवाजात संचाचा छोटा स्पीकर ऐकूच येत नाही. आणखी एक, बटणे. बोलण्याचे बटण मोठे आणि उठावदार हवे, चिखलाने माखलेल्या हाताला न पाहता सापडेल असे. चॅनेल बदलणे मात्र चुकून होऊ नये. खिशात ठेवताना चॅनेल बदलला की माणूस दिवसभर एकटाच बोलत राहतो.

संच कोणाच्या हातात द्यावा?

चालकाच्या नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात धरायचे संपर्क साधन वापरणे हे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवणे ठरते. पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा कैदेची तरतूद आहे. कलमात मोबाइल असा शब्द नाही, हातात धरायचे संपर्क साधन असा आहे, त्यामुळे वॉकीटॉकीही त्यात येतो. डोंगरात पोलीस नसतील, पण दरी असते. संच शेजारी बसणाऱ्याकडे द्यावा.

त्या शेजाऱ्याला चार गोष्टी माहीत असल्या की पुरे. बटण दाबून एक क्षण थांबायचे आणि मग बोलायचे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. ‘डावीकडे नको’ मधला ‘डावीकडे’ ऐकू आला नाही तर काय उरते, ते बघा. किंवा ‘नको’च कापला गेला तर. म्हणून नकार देताना ‘थांबा’सारखा वेगळा शब्द वापरावा आणि तो दोनदा म्हणावा. गाड्यांना नावाऐवजी क्रमांक द्यावेत, एक ते चार. शेवटच्या गाडीत अनुभवी माणूस ठेवावा आणि प्रत्येक अवघड जागा ओलांडली की ‘चार नंबर पार’ असे त्याने कळवावे. ते ऐकल्याशिवाय पहिली गाडी पुढे हलत नाही. आणि संच उभा धरावा, अँटेना आडवा न करता, शक्यतो काचेजवळ. गाडीच्या पत्र्याच्या आत मांडीवर ठेवून बोलले की पल्ला बराच घटतो.

संकटात याचा उपयोग किती?

ताफ्यापुरता. परवानामुक्त चॅनेलवर पोलीस किंवा रुग्णवाहिका ऐकत बसलेली नसते. गाडी उलटली, कोणाला साप चावला, तर वॉकीटॉकीने फक्त आपल्याच दुसऱ्या गाडीला सांगता येते. मग ती गाडी रेंजमध्ये जाऊन ११२ किंवा १०८ ला फोन करते. म्हणून एकट्या गाडीने जाताना वॉकीटॉकी जवळ असून नसल्यासारखाच. आपल्या कंपनीचे नेटवर्क नसले तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर आवाक्यात असेल तर ११२ चा कॉल त्यावरून जाऊ शकतो. त्यामुळे ‘नो सर्व्हिस’ दिसले म्हणून ११२ लावून पाहणे सोडू नये, आणि तेही शक्य तितक्या उंच जागेवरून.

यावल अभयारण्यात किंवा राखीव जंगलात शिरायला वन विभागाची परवानगी लागते, ती वेगळीच. संच कायदेशीर आहे म्हणून वाट कायदेशीर होत नाही. परवानगी घ्यायला गेल्यावर वनरक्षकाला जाण्याची वाट आणि परतण्याची वेळ सांगून ठेवली तर तीच माहिती पुढे शोधकार्यात उपयोगी पडते.

नवे संच घेऊन थेट डोंगरात जाऊ नये. आधी एखाद्या संध्याकाळी दोन गाड्या काढाव्यात, एक धरणगावच्या वेशीवर थांबवावी आणि दुसरी चोपडा रस्त्याने पुढे न्यावी. दर अर्ध्या किलोमीटरला हाक द्यावी. कुठे आवाज खरखरतो, कुठे तुटतो, हे मीटरवर पाहून लिहून ठेवावे. सपाटीवर जो आकडा येईल, त्याच्या निम्म्याहूनही कमी पल्ला सातपुड्यात धरून चालावे. निघण्यापूर्वी घरच्या एका माणसाकडे कागद द्यावा : कोणत्या वाटेने जाणार, किती गाड्या, किती माणसे, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर त्याने ११२ ला कळवायचे.